शाल ठेवा बाजूला

ती शाल घडी करून बाजूला ठेवा. नारळही राहू दे. सत्काराला बोलावलंत तेव्हाच मी विचारलं होतं, मला बोलायला किती वेळ आहे? तुमचा अध्यक्ष म्हणाला, "बाई, हवं तेवढं बोला." आता कोणी घड्याळाकडे बघायचं नाही. आणि मागच्या बाकावरच्या निळ्या टी-शर्टा, मोबाईल खिशात घाल. आज मी जे बोलणार आहे त्याचं रील करून तुला फायदा व्हायचा नाही.

मघाशी सूत्रसंचालनात दोन शब्द सारखे येत होते. पन्हाळा ते विशाळगड या वाटेचं "संवर्धन आणि प्रसार". प्रसार तुम्ही केलात, त्याबद्दल वाद नाही. यंदा जुलैत मसाई पठारावर माणसांची रांग लागली होती ती मीही बघितली. संवर्धन कुठे केलंत ते मला दिसलं नव्हतं, म्हणून गेल्या आठवड्यात गुडघ्याला पट्टा बांधून मी स्वतः बघून आले. साठेक किलोमीटर सगळे चालायचं आता वय नाही. एक दिवस मसाई पठार ते खोतवाडी, दुसऱ्या दिवशी पांढरेपाणी ते पावनखिंड. सोबत ही वही होती. ही वही ओळखता ना? तुमच्यातल्या निम्म्यांचे भूगोलाचे मार्क अशाच वहीत आहेत, आणि ते मी इथे वाचणार नाही, इतकी दया करते.

पहिलं पान, बाण. पठारावर एका जागी उभं राहून मी मोजले. अकरा. भगव्या ऑइलपेंटचे, हात हात लांब. तिथे धुकं नसेल तेव्हा आंधळ्यालाही वाट सापडते, कारण गुरांनी आणि माणसांनी ती शेकडो वर्षं तुडवलेली आहे. पुढे पठार उतरताना जिथे खरंच दोन वाटा फुटतात, जिथे दरवर्षी कुणी ना कुणी चुकतं, तिथे एकही नाही! का नाही, तेही सांगते. तिथे दरीचा देखावा नाही आणि फोटो चांगला येत नाही. खाली ओढ्याजवळ एक बाण तुम्ही सुट्या दगडावर काढलाय. कुणाच्या तरी म्हशीनं तो दगड पायानं फिरवला. आता तो बाण विशाळगडाकडे निघालेल्या माणसाला परत पन्हाळ्याला पाठवतो. म्हशीला दोष देऊ नका, तिनं तुमची संस्था नोंदवलेली नाही.

शिवाय दोन झाडांवर रंग. एका झाडावर तुमच्या संस्थेचं बोधचिन्ह. ते झाड वनखात्याच्या हद्दीत आहे का कुणाच्या मालकीच्या बांधावर, हे विचारलं होतंत का कुणाला? नाही. मला वाटलंच.

दुसरं पान. पिशव्या. स्वच्छता मोहिमेत तुम्ही बारा पोती प्लॅस्टिक गोळा केलंत, त्याचा फोटो वर्तमानपत्रात आला, मी कापून ठेवलाय. पोती कुठे आहेत? मी सांगते कुठे आहेत. त्यातली सात देवळाच्या मागे आहेत आणि कुत्र्यांनी फोडलीत. आधी कचरा साठ किलोमीटरवर विखुरलेला होता, तुम्ही तो देवाच्या दारात एकत्र केलात. उरलेली पाच कुठे गेली, त्याचा हिशेब मला खजिनदारानं नंतर द्यावा.

तिसरं पान वाचताना मला खरा संताप आला होता, म्हणून अक्षर वाकडं आलंय. मसाई पठारावर वृक्षारोपणासाठी खड्डे. अरे, नववीच्या पुस्तकात जांभ्याचे सडे शिकवले होते की नाही मी तुम्हाला? फळ्यावर आडवा छेद काढून दाखवला होता. वर मातीचा पातळ थर, खाली जांभा. तो सडा उजाड नसतो, तो तसाच असतो. पावसाळ्यात त्या चिमूटभर मातीत गवतं उगवतात, सीतेची आसवं उगवतात, किडे खाणारा दवबिंदू उगवतो, आणि पाऊस सरला की सगळं वाळून पुन्हा काळा खडक. कास पठार 2012 साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात गेलं ते कशासाठी गेलं? तिथे कुणी गुलमोहर लावला म्हणून नाही. तुम्ही पहारीनं जांभा फोडून खड्डे केलेत आणि त्यात रोपं घातलीत. रोपं मरतील, ते बरंच आहे. खड्डे मात्र राहतील.

आता चौथं पान. इथे मी जरा थांबणार आहे.

जुलैत पठाराखालच्या वाड्यांमध्ये काय चालू असतं? बोला. कुणीतरी बोला. लावण. भाताची लावण. चिखलणी करून खाचरात पाणी बांधून ठेवलेलं असतं, आणि ते पाणी थांबतं बांधाच्या भरवशावर. बांध म्हणजे हातभर उंचीची चिखलाची भिंत, वरून नुकतीच लिंपलेली, ओली. तुमच्या रीलमुळे आलेली माणसं चिखलात बूट भरू नयेत म्हणून वाट सोडून बांधावरून चालली. एका जागी बांध फुटला की वरच्या खाचरातलं पाणी खालच्या खाचरात, तिथून ओढ्याला. रोपं उघडी पडतात. चार दिवस पावसानं दडी मारली की पिवळी होतात. करपेवाडीच्या बाजूला जी वाट मला माणूसभर रुंद आठवते ती आता बैलगाडी जाईल एवढी आहे. प्रत्येकजण मागच्याच्या चिखलाला टाळून एक पाऊल बाहेर टाकतो. हजार माणसांची हजार पावलं बाहेर पडली की वाट शेतात शिरते.

हे मी फक्त तुम्हाला ऐकवत नाही. मलाही हे कुणीतरी ऐकवलंय. नव्वदच्या दशकात मी आठवीची साठ पोरं घेऊन याच वाटेनं निघाले होते. पाऊस धो धो. मी पुढे, शिट्टी गळ्यात, फार मोठ्या तोऱ्यात. वाटेत पाणी साचलेलं बघून मी मुलांना बांधावर चढवलं. साठ पोरं बांधावरून एका रांगेत, शिस्तीत! मला त्या शिस्तीचा अभिमान वाटत होता. एक म्हातारी इरलं पांघरून शेतातून आली. ओरडली नाही. म्हणाली, "बाई, ही वाट न्हाय. ह्ये आमचं वरसभराचं खाणं हाय." एवढंच. मागे वळून बघितलं तर तीन ठिकाणी बांध बसला होता. मी साठ पोरांना दप्तरं ठेवायला लावली आणि संध्याकाळपर्यंत आम्ही हातांनी चिखल उचलून बांध लिंपत होतो. कसा लिंपायचा ते तिनं शिकवलं. बी.एड.ला मला हे कुणी शिकवलेलं नव्हतं. पावनखिंड त्या वर्षी राहिली. पालकांच्या तक्रारी आल्या, मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतलं, ते सगळं झालं. पण त्या साठांपैकी कुणी पुन्हा बांधावर पाय ठेवला असेल असं मला वाटत नाही. त्यातला एकजण आज या सभागृहात आहे. मान खाली घालून बसलाय. घाल. तुला माहीत असून तू बाकीच्यांना सांगितलं नाहीस.

तुम्ही म्हणाल, बाई, आम्ही पगार घेत नाही. रविवारची झोप मोडून जातो, स्वतःच्या पेट्रोलनं जातो, आणि वर हे ऐकायचं? हो, ऐकायचं. स्वयंसेवकाला चूक करायची सवलत मिळत नाही. पगारी माणसानं काम बिघडवलं तर त्याचा पगार तरी कापता येतो. तुमचं मी काय कापू?

अमेरिकेत अॅपलेशियन ट्रेल नावाची वाट आहे. तुमच्यातले काहीजण टी-शर्टवर तिचं नाव मिरवतात, म्हणून सांगते, त्या नावामागे काय आहे ते. सुमारे साडेतीन हजार किलोमीटर, चौदा राज्यांतून, डोंगरमाथ्यानं. 1921 साली बेंटन मॅकाय नावाच्या गृहस्थानं वास्तुविशारदांच्या मासिकात लेख लिहून ती कल्पना मांडली. कल्पना भव्य होती, लोक भारावले, 1925 साली परिषद भरली, संघटना निघाली. आणि मग? भाषणं झाली. वाट फारशी पुढे सरकली नाही. ती पुढे नेली मायरन एव्हरी नावाच्या वकिलानं. हा माणूस गोड नव्हता म्हणतात, भांडखोर होता, मॅकायशी तर त्याचं पुढे पार बिनसलं. पण तो अंतर मोजायचं चाक हातानं ढकलत डोंगरातून चालायचा, मापं लिहून घ्यायचा, ठिकठिकाणचे गिर्यारोहण क्लब उभे करायचा आणि त्यांना वाट वाटून द्यायचा. 1937च्या ऑगस्टमध्ये वाट सलग झाली.

इथे तुम्ही टाळ्या वाजवल्या असत्या. फ्लेक्स लावला असता. नीट ऐका आता. पुढच्याच वर्षी, 1938 साली, वादळानं उत्तरेकडचा बराच भाग झाडं पाडून बंद केला. मग महायुद्ध आलं, माणसं गेली, पेट्रोल रेशनवर गेलं, वाटेवर कोयता चालवायला कुणी उरलं नाही. 1948 साली अर्ल शेफर नावाचा तरुण एका दमात सगळी वाट चालायला निघाला तेव्हा कित्येक ठिकाणी त्याला वाट शोधावी लागली, ती झुडपांनी गिळली होती. पुन्हा सलग व्हायला 1951 उजाडलं. म्हणजे पूर्ण झालेली वाट टिकली किती? वर्षभर. नकाशावर होती, पुस्तकात होती, पायाखाली नव्हती.

आज ती टिकली आहे कारण तीसेक क्लबांनी ती तुकड्यातुकड्यांनी वाटून घेतली आहे, आणि बहुतेक ठिकाणी त्या तुकड्याचाही तुकडा एकेका माणसाच्या नावावर आहे. दोन-चार मैल, बस. तो माणूस वर्षातून काही वेळा जातो, पडलेलं झाड करवतीनं कापून बाजूला करतो, झुडूप छाटतो, पाण्याचे चर मोकळे करतो, घरी येतो. त्यांच्या खुणेचं माप ऐकायचंय? पांढरा पट्टा, दोन इंच रुंद, सहा इंच उंच. तुमच्या बाणावर तसे दहा बसतील. वळण आलं की एकावर एक दोन पट्टे. त्यात कुणाचं नाव नाही, घोषणा नाही, बोधचिन्ह नाही. आणि अजून एक. ती वाट सुरुवातीला बरीचशी खाजगी जमिनीतून, मालकाच्या तोंडी होकारावर जात होती. पुढे जमिनी विकल्या जाऊ लागल्या, घरं उठू लागली, वाट डांबरी रस्त्यावर ढकलली जाऊ लागली, तेव्हा 1968 साली कायदा करावा लागला. आपल्याकडे तसा कायदा येईल तेव्हा येईल. तोवर आपल्या वाटेचे मालक ते शेतकरी आहेत ज्यांचे बांध तुम्ही फोडलेत. उद्या एकानं काटेरी कुंपण घातलं तर ती वाट तिथे संपली, आणि त्याला नावं ठेवायचा हक्क मला नाही आणि तुम्हाला तर मुळीच नाही.

अमेरिकेचं कौतुक ऐकून कंटाळला असाल तर गाडगेबाबा घ्या. ते गावात शिरले की आधी खराटा. दिवसभर गाव झाडायचे आणि कीर्तन रात्री. तुम्ही कीर्तनापासून सुरुवात केलीत.

आता पाणी. पुढची दहा मिनिटं हा वर्ग समजा.

डोंगरातली वाट माणसांनी तुडवून खोलगट होते, आणि खोलगट झाली की पाऊस तिला ओढा समजतो. उतारावर पाण्याचा वेग वाढतो. वेग दुप्पट झाला तर पाणी किती पट वजनाचा दगड ढकलू शकतं? हे मी फळ्यावर लिहिलं होतं, चौकटीत, लाल खडूनं. दुप्पट नाही. चौपट नाही. चौसष्ट पट. म्हणून जूनमध्ये जी वाट खडीची असते ती सप्टेंबरमध्ये गुडघाभर ओघळ होते. मग माणसं ओघळ सोडून शेजारून चालतात, शेजारी दुसरा ओघळ. पठार उतरताना तुम्ही तीन वाटा बघितल्यात ना, समांतर? त्या तीन वाटा नाहीत. ती एकच वाट तीनदा मेलेली आहे.

तिला जगवायचं तर पाणी वाटेवर फार लांब चालू द्यायचं नाही. उतारावर ठरावीक अंतरानं तिरका चर, खालच्या बाजूला दगडांची ओळ. आडवा नाही, तिरका. आडवा केलात तर पाणी साचेल, गाळ बसेल आणि पहिल्या जोराच्या सरीत ते वरून उडी मारेल. दगड निवडताना जो दोघांनी उचलावा लागतो तोच घ्या, आणि दोन तृतीयांश जमिनीत पुरा. वर उभं राहून हला. तुम्ही हललात तर चालेल, दगड हलता कामा नये. चराचं तोंड वाटेबाहेर, झाडोऱ्यात, आणि ते शेताकडे उघडायचं नाही, नाहीतर बांध फोडायचं काम तुम्ही वेगळ्या रीतीनं कराल. चढ जसा तीव्र तसे चर जवळ जवळ. आणि हे एकदा करून भागत नाही. पानं पडतात, गाळ येतो, तोंड बुजतं. मे महिन्यात एकदा साफ, पावसात दोनदा साफ. फावड्याची चार खोरी, दहा मिनिटांचं काम. ते दहा मिनिटांचं काम कुणी करत नाही म्हणून दहा वर्षांची वाट एका पावसात जाते.

चर कुठे काढायचा हे कसं कळतं? पावसात छत्री घेऊन जायचं आणि उभं राहायचं. पाणी वाटेवर कुठे चढतं, कुठे वेग घेतं, कुठे उतरू बघतं. ते बघून वहीत लिहायचं. तुम्ही आजवर पावसात त्या वाटेवर गेलात ते पावसाचे फोटो काढायला. पाणी एकानंही बघितलं नाही.

पावनखिंडीत तुम्ही घोषणा देता, ते मला आवडतं, खोटं कशाला बोलू? अंगावर काटा येतो. पण 1660 च्या जुलैत महाराजांची माणसं सिद्दी जौहरच्या पन्हाळ्याच्या वेढ्यातून निघून रात्रीच्या पावसात त्या रानातून गेली ती छातीच्या जोरावर जेवढी, तेवढीच वाटेची खडानखडा माहिती असलेल्यांच्या जोरावर. कुठे चिखल, कुठे ओढा भरतो, कुठे चकवा बसतो हे ज्यांना ठाऊक होतं त्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत. तुम्हाला बाजीप्रभूंचा टी-शर्ट हवा असतो. या बिननावाच्या वाटाड्यांचा कुणी छापत नाही, आणि तुम्हाला जे काम करायचंय ते त्यांचं आहे.

गेल्या वर्षी, 2025च्या जुलैत, आणखी अकरा किल्ल्यांबरोबर पन्हाळा जागतिक वारसा यादीत गेला. आता गर्दी वाढणार. त्या यादीत किल्ला आहे, ही वाट नाही. तिच्यासाठी कुणी निधी घेऊन येईल म्हणून बसू नका. आणि वाट सावरेपर्यंत प्रसार बंद. हो, बंद. पुढच्या जुलैची जाहिरात तुमच्या पानावर फिरते आहे, ती आज रात्री उतरवायची. जी वाट हजार माणसांना पेलत नाही तिथे पाच हजार बोलावणं याला प्रसार म्हणत नाहीत. येणारच असतील तर त्यांना डिसेंबर-जानेवारीत बोलवा, जेव्हा खाचरं रिकामी असतात आणि जमीन घट्ट असते. पावसातलं धुकं नसेल त्यात, माहीत आहे मला. नसू दे.

आता कामाचं. या सभागृहात मी मोजली, चाळीस डोकी आहेत. साठ किलोमीटर. प्रत्येकाला दीड. मी रजिस्टर आखून आणलंय. नावापुढे कुठून कुठपर्यंत ते लिहायचं, दोघं मिळून तीन घेतलेत तरी चालेल. त्या दीड किलोमीटरात कुणाची शेतं लागतात, त्यांची नावं तुम्हाला महिन्याभरात माहीत हवीत, आणि त्यांना तुमचं. रानातला भाग ज्याच्या वाट्याला येईल त्यानं आधी वनखात्याच्या कचेरीत अर्ज द्यायचा, मग कोयता हातात घ्यायचा. पाऊस थांबला की सुटे दगड आणि झाडांवरचे बाण तारेच्या ब्रशनं खरवडायचे. फाट्यावरची खूण कुठे हवी ते वाडीतल्या गुराख्यांना विचारून ठरवायचं, रंगाचा डबा त्यानंतर. खड्डे बुजवायचे. देवळामागची सात पोती मात्र उद्याच, माझ्या खर्चानं टेम्पो येईल.

ज्यांना यातलं काही नको असेल त्यांनी आत्ता उठून जावं, मी राग धरणार नाही. नाव लिहून न येणाऱ्यावर मात्र धरीन.

रविवारी पहिली फेरी फुटलेल्या बांधांची. मालकांना मी विचारून आले आहे, ते हो म्हणालेत, दोघं नाही म्हणाले, त्यांच्या शेतात शिरायचं नाही. कुदळ, फावडं, घमेलं ज्याचं त्यानं आणायचं. भाकरी बांधून आणायची, वाडीतल्या कुणाच्या चुलीवर आपला भार नको. सहा वाजता स्टँडवर. हजेरी मी घेणार आहे, आणि उशिरा येणाऱ्याचं मी काय करते ते तुमच्यातल्या निम्म्यांना माहीत आहे.